जांभळा चौकोन

देव माणसाला जन्माला घालताना एखादी खोड बरोबर देऊन पाठवतो. खारूला त्याने दोन दिल्या होत्या. एक म्हणजे काहीही टाकवत नसे, आणि दुसरी म्हणजे जिवाला घोर लागला की तिचा उजवा गुडघा आपोआप हलायला लागे. आज तो दुपारपासून शिवणयंत्राच्या पायडलसारखा चालू होता, आणि त्याच्या तालावर टेबलावरचा कप बशीत किणकिणत होता.

"अगं, तो गुडघा आवर," वन्सं म्हणाल्या. "चहा आपोआप ढवळला जातोय."

सभागृहाच्या मागे, रंगमंचाला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत दोघी बसल्या होत्या. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीतल्या भोकातून आत आलेल्या माइकच्या वायरींचा गुंता, आणि रंगमंच दिसेल अशी काचेची खिडकी. काचेपलीकडे एक माणूस सतरंजी झटकत होता आणि दुसरा त्याला सतरंजी कशी झटकावी ते शिकवत होता. संध्याकाळी तिथे खारूचे मामा बसणार होते.

मामा म्हणजे तिच्या आईचे पाठचे भाऊ. सगळे त्यांना बुवा म्हणत. देवाच्या गोष्टी गाऊन सांगायच्या, रंगात आलं की गोष्ट सोडून पद धरायचं, पद टिपेला नेऊन पुन्हा गोष्टीत उतरायचं, यातच त्यांचा जन्म गेला होता. आता घशात गाठी झाल्या होत्या. उद्यापासून डॉक्टरांनी तोंडाला कुलूप घालायला सांगितलं होतं. मग ऑपरेशन. आणि पुढे आवाज परत येईल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते. म्हणजे आजचं निरूपण शेवटचंही ठरू शकत होतं. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत टिपून ठेवायचं, हे काम खारूने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. रेकॉर्डिंग करणं, ते साफसूफ करणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा.

आणि लॅपटॉप म्हणत होता, जागा नाही.

"वीस मिनिटं मावतील," खारू म्हणाली. "जेमतेम. मामांची तेवढ्यात प्रस्तावनासुद्धा होत नाही."

"मग दुसरी डिस्क आण."

"दुकान आज बंद आहे. घरी एक आहे, तिची वायर ढिली. मागच्या वेळी ऐन रंगात सुटली आणि अर्धं गाणं गेलं. तिच्यावर मी मामांचा आवाज नाही सोपवणार."

"फोनवर कर."

खारूने असं काही पाहिलं की वन्संनी तो विषय चहाबरोबर गिळून टाकला.

वन्सं म्हणजे खारूची मोठी नणंद. चपला-बुटांच्या एका अवाढव्य गोदामावर मुकादम होत्या. भाऊ परगावी गेलेला, वहिनी एकटी वायरी ओढत बसणार म्हणून सोबतीला आल्या होत्या. आणि जिथे जातील तिथे आपलं गोदाम बरोबर घेऊन जात. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली.

"तुझ्या या डब्यात नेमकं काय भरलंय ते तरी माहीत आहे का तुला?"

"बरंच काही."

"बरंच काही म्हणजे माहीत नाही. आमच्याकडे एक प्रोग्राम बसवलाय. अख्ख्या डिस्कचा नकाशा काढतो. कुठल्या मालाने किती जागा अडवलीय ते डोळ्यांनी दिसतं, वाचत बसायला नको. घे, उतरवून घे तो. छोटासाच आहे, तुझ्या वीस मिनिटांतलं एखादंच मिनिट खाईल."

तो प्रोग्राम उतरला, सुरू झाला आणि डिस्क चाळायला लागला. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती, इतक्या सावकाश की खारूला वाटलं, आपणच मागून ढकलावी. ती उठली, माइकची एक वायर काढून पुन्हा लावली, बसली, पुन्हा उठली.

"बस गं बाई," वन्सं म्हणाल्या. "पायाला भिंगरी लावून पट्टी जोरात पळत नाही."

आणि एकदम पडदा रंगांनी भरून गेला. गोधडी पसरावी तसे ठिगळाला ठिगळ लावून चौकोनच चौकोन. फोटोंचे हिरवे, चित्रफितींचे पिवळे, कुठल्या कुठल्या प्रोग्रामांचे बारीक करडे, खडीसारखे. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. खारूला आपलं घर कुणीतरी छप्पर काढून वरून दाखवावं तसं झालं.

"हे काय?" वन्संनी एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"तुमच्या भावाचा पोहायला शिकतानाचा व्हिडिओ."

"शिकला?"

"नाही."

"मग काढ."

तो गेला. त्याच्यामागून मिक्सर दुरुस्तीचे व्हिडिओ गेले, एकाच खिडकीचे एकाच दिवशी काढलेले ढीगभर फोटो गेले. पण हे सगळे निघाले फुटकळ. नकाशाचा जवळजवळ निम्मा भाग नुसता जांभळा होता, म्हणजे आवाजाच्या फाइली. आणि त्यातही एक जांभळा चौकोन एवढा मोठा की बाकीचे त्याच्या अंगाखांद्यावर खेळणारी पोरं वाटावीत. खारूने कर्सर त्याच्यावर नेला. वर फोल्डरचं नाव उमटलं : 'फेकायचं'.

वन्संनी ते नाव वाचलं. मग वहिनीकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

"नाव तूच ठेवलंस?"

"हो."

"फेकायचं?"

"हो, म्हणजे फेकायचंच होतं..."

"देवा रे! आमच्या गोदामात एखाद्याने खोक्यावर 'फेकायचं' लिहून ते मधल्या वाटेवर वर्षानुवर्षं ठेवलं असतं ना, तर मी त्यालाच खोक्यात घालून फेकला असता!"

खारूला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. तिची कामाची रीत अशी : मामांचं मूळ रेकॉर्डिंग आलं की आधी त्याची एक प्रत या फोल्डरमध्ये टाकायची आणि मग दुसऱ्या प्रतीवर हात चालवायचा. मामांचं खोकणं काढायचं, पाण्याचा घोट काढायचा, श्वासासाठीचे थांबे काढायचे, चुकून पुन्हा घेतलेली ओळ काढायची. साफ केलेली प्रत लोकांकडे जायची. फोनवरून फोनवर पसरायची. लोक म्हणायचे, बुवांचं निरूपण म्हणजे अखंड धार, मधे थेंबभर खंड नाही. खारूला मनातल्या मनात आपल्याच हाताचं कौतुक वाटायचं. काम नीट झालं की मूळ प्रत फेकायची असंच ठरलेलं असायचं. पण फेकायची वेळ आली की हात अडायचा.

"म्हणजे यात खोकला आहे," वन्सं म्हणाल्या.

"खोकला, घोट, आणि मधली शांतता."

"शांतता? तिला पण जागा लागते?"

"गाण्याइतकीच. मशीनला काय कळतंय, मिनिट ते मिनिट."

"रिकामी खोकी!" वन्संनी टेबलावर थाप मारली. "रिकाम्या खोक्यांनी निम्मं गोदाम अडवलंय आणि माल ठेवायला जागा नाही म्हणून ही रडतेय. दाब ते बटण."

दारात व्यवस्थापक डोकावले. घड्याळाकडे बघायची सवय इतकी की बोलतानाही मनगटच वर. "झालं का? लोक यायला लागतील. आवाज तपासायचाय ना?"

"झालंच," खारू म्हणाली, आणि तिचा गुडघा दुप्पट वेगाने हलू लागला.

तिने 'फेकायचं' निवडलं आणि डिलीट दाबलं. नकाशातला तो भलामोठा चौकोन नाहीसा झाला. तिने घाईघाईने मोकळी जागा पाहिली. पहिली होती तेवढीच. तसूभरही वाढली नव्हती.

"गेलं पण जागा नाही आली! वन्सं, सगळं गेलं आणि जागा..."

"अगं, कचरा घराबाहेर काढून दारात ठेवलास. गाडी कुठे आलीय अजून? ती टोपली रिकामी कर."

खरंच की. सगळं अजून रिसायकल बिनमध्येच होतं. खारूने तो उघडला, रिकामा करायचं बटण दाबलं. मशीनने सभ्यपणे विचारलं : हे सगळं कायमचं पुसायचं? तिचं बोट 'होय' वर जाऊन थांबलं. हा हात नेहमी इथेच अडतो, तिने स्वतःला सांगितलं. ही खोड आहे, दुसरं काही नाही. दाब.

तेवढ्यात दार ढकलून मामा आत आले.

डोक्यावर टोपी, गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळलेला. ते बसले नाहीत. खोलीत येरझारा घालायला लागले. पण खोलीच एवढी चिंचोळी की दोन पावलांत भिंत यायची आणि प्रत्येक वेळी ते भिंतीकडे रागाने बघायचे.

"बसा ना मामा," खारू म्हणाली.

त्यांनी हाताने नको म्हटलं. मग फुटक्या बासरीतून वारा यावा तशा आवाजात म्हणाले, "खारू, त्यांना सांग. आज नाही."

"काय नाही?"

"निरूपण. नाही व्हायचं माझ्याच्याने. लोकांची माफी माग."

वन्सं उठून उभ्या राहिल्या. खारू बसल्या जागीच त्यांच्याकडे वळली. एवढा आटापिटा ज्याच्यासाठी, तेच नको? "दुखतंय का फार? डॉक्टरांना फोन करू?"

"दुखतंय ते नेहमीचंच. ते नाही." मामा टेबलाच्या कडेला टेकले. "सकाळी नावाड्याचं पद घेऊन बसलो होतो. रोज बसतो. तू केलेलं ते जुनं रेकॉर्डिंग कानात लावतो आणि त्याच्याबरोबर म्हणतो. दोन वर्षं झाली. मला पकडताच येत नाही."

"काय पकडता येत नाही?"

"मला! त्या वेळच्या मला!" त्यांनी कानाकडे बोट केलं. "तो बघ कसा सुटतो. पहिल्या ओळीला जो श्वास घेतला तो चार ओळींनंतर सोडतो. थांबणं नाही, अडणं नाही. मी आपला त्याच्यामागे घसा ताणत, धापा टाकत. दोन वर्षं ताणतोय. आज सकाळी वाटलं, पुरे. लोक त्याला ऐकायला येणार, आणि समोर बसणार मी. काय तोंड दाखवू?"

खारूचा गुडघा थांबला होता. वन्संच्या ते ध्यानात आलं आणि त्या घाबरल्या.

"मामा," खारू म्हणाली. "मामा, तुम्ही ते पद एका दमात कधीच म्हटलेलं नाही."

"कानांनी ऐकतो मी रोज."

"ते मी केलंय. तुम्ही थांबायचात, ते मी कापायचे. श्वास कापायचे, खोकला कापायचे. जोड कळू नयेत म्हणून रात्रंदिवस जागून घासायचे. तो जो सुटतो ना मामा, तो माणूसच नाही. तो मी कात्रीने केलाय."

मामांनी भाचीकडे बघितलं. एखादं मूल भलतंच काही बोलून गेलं की मोठी माणसं बघतात तसं. "समजूत घालतेस म्हाताऱ्याची."

"नाही हो!"

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! सगळेच करतात ते, धंद्याची रीतच आहे. तुम्ही त्याच्याबरोबर सराव करत असाल असं स्वप्नातही..."

"पुरावा दाखव." मामा हट्टाला पेटले. "मी थांबलेला दाखव."

खारू पडद्याकडे वळली. पडद्याच्या मधोमध तो प्रश्न अजून उभाच होता : कायमचं पुसायचं? आणि 'होय' वर तिचा कर्सर.

तिने श्वास रोखून, गरम तव्यावरून बोट काढावं तसा कर्सर बाजूला नेला. 'नाही' दाबलं. मग 'फेकायचं' बाहेर काढून जागच्या जागी ठेवलं. नकाशात जांभळा चौकोन पुन्हा ऐसपैस पसरला. खारूने त्या चौकोनाच्या पोटातला एक लहान चौकोन दाबला, हेडफोन मामांच्या कानांवर चढवला आणि स्वतः एका बाजूने कान लावला.

आधी खुर्ची करकरली. मग कुणीतरी घसा खाकरला. मग मामांचा तरणा आवाज आला, धार लागलेल्या पाण्यासारखा :

*नाव माझी थांबली...*

आणि आवाज थांबला. पाण्याच्या भांड्याचा टणत्कार. एक घोट. लांब कुठेतरी मूल रडलं आणि कुणी तरी त्याला शांत केलं. एवढा वेळ गेला की खारूला वाटलं, फाइलच संपली. मग, जणू काहीच घाई नाही अशा थाटात :

*...काठ चालू लागला.*

मामांनी डोळे मिटले होते. ते हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून ऐकत राहिले. दुसऱ्या ओळीआधी तो तरणा माणूस चक्क खोकला, "अरे, चुकलं," म्हणाला, समोरचे लोक हसले, आणि तोही हसला. तसे हे मामाही हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि त्यातलं किती ठसक्याचं आणि किती दुसरं, हे विचारायची दोघींची छाती झाली नाही.

"अगं, हा तर माझ्याइतकाच धापा टाकतोय," ते शेवटी म्हणाले.

"मामा, माझ्यामुळे तुमचा घसा..."

"तुझ्यामुळे नाही. हाव माझी. स्वतःच स्वतःशी शर्यत लावून बसलो." त्यांनी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर हळूच टपली मारली. "विसरलोच होतो बघ. माझे बाबा सांगायचे, ओळ म्हणून झाली की गप्प बस. आता त्याची पाळी. देवालाही बोलायचं असतं. मी दोन वर्षं त्याला बोलूच दिलं नाही."

ते उठले, मफलर सोडून खारूच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. दारात व्यवस्थापक पुन्हा मनगट वर करून उभे होते. मामा त्यांना म्हणाले, "चला. लोक खोळंबलेत ना?" आणि गेलेसुद्धा.

खारू लॅपटॉपकडे वळली.

"वन्सं! जागा!"

काचेपलीकडे सभागृह भरत चाललं होतं. चपला काढायच्या, खुर्च्या सरकवायच्या आवाजांनी माइक आताच जागे झाले होते. टोपलीतला उरलेला कचरा फेकला तरी डिस्कवर वीस मिनिटांच्या जागी पंचवीस होतील, भावाच्या पोहण्याच्या कृपेने.

वन्संनी नकाशाकडे पाहिलं. गोदामात उभ्या राहून बघत असतील तशाच, कमरेवर हात ठेवून. "हा दुसरा जांभळा कुणाचा?" त्यांनी विचारलं. 'फेकायचं' च्या शेजारी, त्याच्याहून थोडाच लहान.

"तो... तो माझा. साफ केलेली निरूपणं. सगळी."

"ती लोकांकडे पोचलीयत ना?"

"घरोघर."

"मग जो माल गिऱ्हाइकाच्या पायात आहे, तो गोदामात कशाला?"

खारूला कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं वाटलं. त्या चौकोनात तिची सगळी कारागिरी होती. जोड सापडू नयेत म्हणून घासलेल्या रात्री, डोळ्यांची झालेली आग. मामांच्या आवाजाची तिने केलेली मूर्ती म्हणा ना. लोकांकडे होती हे खरं. पण लोकांकडे असणं वेगळं आणि आपल्या कपाटात असणं वेगळं. आणि वेळ तर नव्हताच. रंगमंचावर मामा येऊन बसलेसुद्धा. हात जोडून डोळे मिटले.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात मुकादम नव्हता, "आजच्या निरूपणाबरोबर या दोन्हीतलं एकच मावणार आहे. तू ठरव. मी काही बोलत नाही." आणि खरंच काही बोलल्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

खारूने साफ केलेला चौकोन निवडला. डिलीट. टोपली. कायमचं पुसायचं? होय. पट्टी सरकली. या वेळी हात अडला नाही. नकाशा नव्याने रेखला गेला तेव्हा त्यात एक पांढरा चौकोन उगवला होता, धुऊन वाळत घातलेल्या चादरीएवढा. मोकळी जागा. तिने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि काचेपलीकडे मामांनी डोळे उघडले.

निरूपण सुरू झालं. आवाज घोगरा होता, मधेच चिरत होता, पण चालत होता. नावाड्याची गोष्ट : रोज लोकांना पैलतीरी नेणारा नावाडी एके दिवशी थकतो, वल्ही खाली ठेवतो, आणि देवाला म्हणतो, आज तू ये इकडे. लोक पुढे सरकून बसले. खारूच्या पडद्यावर आवाजाची रेघ डोंगर-दऱ्या काढत पुढे जात होती आणि तिचा गुडघा पुन्हा हलत होता. कारण ते पद यायचं होतं.

आलं.

*नाव माझी थांबली...*

मामा थांबले. भांडं उचललं. पाणी प्यायले. भांडं ठेवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. रेघ सपाट झाली आणि तशीच पुढे सरकत राहिली. जागा मात्र खात होती, गाण्याइतकीच.

"बंद पडलं का गं?" वन्सं कानात कुजबुजल्या.

खारूने नकारार्थी मान हलवली. तिचं बोट सवयीने एका कळीवर जाऊन टेकलं होतं. थांबा आला की ती कळ दाबून खूण करायची, म्हणजे मागाहून तो नेमका कापता येतो. इतकी वर्षं हे बोट विचारल्याशिवाय तिथे जायचं. आताही गेलं होतं, आणि शिवशिवत होतं. समोर मामा मान किंचित कलती करून बसले होते, पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तसे. सभागृहात कुणी हलत नव्हतं.

खारूने हात काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. गुडघा मात्र ऐकेना. तेव्हा वन्संनी आपला जाडजूड तळवा त्याच्यावर ठेवला आणि तोही दाबून धरला. दोघी तशाच बसून राहिल्या, त्या सपाट रेघेकडे बघत, मामा पुढची ओळ उचलेपर्यंत.